अकोल्याच्या ड्रमसेटची किंमत

जुन्या वाद्यांची किंमत सांगायला लोक मला बोलावतात आणि मी जातो. घरच्यांना हे आवडत नाही. खरं सांगायचं तर मलाही आवडत नाही, कारण या कामात माणसं नको इतकी जवळून दिसतात.

माझी उमर अमरावतीच्या एका सरकारी कचेरीत कारकुनी करण्यात आणि शनिवार-रविवार ऑर्केस्ट्रात ड्रम वाजवण्यात गेली. पुढे ऑर्केस्ट्रे बसले, डीजेच्या गाड्या आल्या, आणि वऱ्हाडातल्या घराघरांत माळ्यावर, पलंगाखाली, कूलरच्या मागे दडपलेले ड्रम बाहेर निघायला लागले. बाप गेला, तेरवी झाली, की पोरं माळा साफ करायला घेतात. मग कुणीतरी त्यांना माझा नंबर देतं आणि फोन येतो, "काका, किती येतीन?" वस्तू कोणती, कुठली, फुटकी की धड, काही सांगायचं नाही. आधी किती येतील ते विचारायचं. मला या प्रश्नाची किळस येते, पण फोन मी उचलतो.

विकणाऱ्यांच्या डोक्यात काय काय असतं ते ऐकायला तरी जावं. परतवाड्याच्या एकाने मला गंभीर चेहऱ्याने सांगितलं, की मुंबईच्या एका मोठ्या वादकाने चहा पिता पिता त्याच्या साइड ड्रमवर बोटं वाजवली होती, सबब त्याचे वेगळे पैसे. घेणारेही त्याच लायकीचे. पुण्याहून एक जण आला होता, त्याला ड्रमसेट कॅफेच्या कोपऱ्यात ठेवायचा होता आणि बास ड्रममध्ये मनीप्लांट लावायचा होता. वाजतो का, हे त्याने विचारलंच नाही. रंग कोणता, एवढं विचारलं. मी त्याला बाजारातून कुंडी घ्यायला सांगितलं.

ड्रमच्या किमतीला टीव्ही-फ्रिजचं गणित चालत नाही, की इतकी वर्षं झाली म्हणून इतके कमी. लोणच्याचंही चालत नाही, की मुरलं म्हणून भाव चढला. वस्तू पुढे आणखी किती वर्षं वाजेल आणि वाजवणारा तिच्यासाठी खिशातून खरोखर किती काढेल, या दोन गोष्टी जिथे जुळतात तिथे किंमत असते. हे मी शंभरदा सांगितलं असेल. ऐकून घेतात आणि पुन्हा विचारतात, "ते ठीक हाय, पण किती येतीन?"

अकोल्याच्या वकिलाचा फोन उन्हाळ्यात आला. त्याचे वडील गेल्या वर्षी वारले. ते अकोल्यातल्या एका ऑर्केस्ट्राचे ड्रमर होते आणि आम्ही अमरावतीवाले, त्यामुळे त्यांची माझी ओळख जुनी आणि थोडी आंबट होती. माणूस हसरा, कपडे झकपक, हात मात्र उतावीळ. गाणं संथ असलं तरी हे पुढे पळायचे आणि बिचारा गायक मागून धापा टाकत यायचा. पण त्यांच्याकडे सेट होता विलायती. मुंबईच्या एका हॉटेलात वाजवणारा कुणी परदेशात स्थायिक व्हायला निघाला, तेव्हा त्याच्याकडून यांनी तो उचलला होता. आम्ही देशी सेटवर खडखडाट करत असताना त्या बास ड्रमचा आवाज मैदानाच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जायचा. मी त्या सेटचा भयंकर हेवा केला आहे.

वकील फोनवर म्हणाला, "काका, सेट बहीण मागून राहिली. आता फुकट कशी देऊ? बाबाची वस्तू हाय, दोघायची हाय. तुमी येऊन वाजवी किंमत सांगा, अर्धे पैसे ती मले देईन आन् घेऊन जाईन. भावाबहिणीत हिशोब चोख पाह्यजे."

सख्ख्या बहिणीला बापाचा ड्रम अर्ध्या किमतीत विकणारा माणूस फोनवर इतका प्रसन्न कसा असू शकतो, याचं मला नवल वाटलं. तरी मी गेलो. एक तर सेट पुन्हा बघायचा होता, आणि दुसरं म्हणजे मी गेलो नसतो तर त्याने कुणातरी भंगारवाल्याला नाहीतर शहाण्याला बोलावलं असतं.

अमरावतीहून एसटीने मूर्तिजापूर मार्गे अकोल्याला पोचेपर्यंत दुपार झाली. बंगला नवा, फाटकावर पदव्यांसकट पाटी. हॉलमध्ये कूलर घरघरत होता आणि जमिनीवर चादर अंथरून सेट मांडून ठेवला होता. सेटजवळ खालीच वकिलाची धाकटी बहीण बसली होती. तीही अमरावतीचीच, म्हणजे तिचं सासर तिथलं. सकाळच्या गाडीने आली होती. शाळेत शिकवते, आणि शाळेच्या बँडपथकाचं लोढणंही तिच्याच गळ्यात आहे, कारण बाकीच्या मास्तरांना ताल आणि ताप यातला फरक कळत नाही.

तिला मी लग्नाआधी एकदा स्टेजवर बघितलं होतं. वडील चहाला गेले आणि दोन गाण्यांसाठी ही पोरगी सेटवर बसली. ती दोन गाणी त्या रात्री पहिल्यांदा आपल्या चालीने चालली. वडील परत आले आणि पुन्हा पळापळ सुरू झाली. नंतर तिचं लग्न झालं आणि सासरच्या लोकांना सून ड्रम बडवते ही कल्पना सोसण्यासारखी नव्हती, असं कानावर आलं. आता सासू गेली, पोरं शिकायला बाहेरगावी गेली, आणि तिला परत वाजवायचं होतं. मी आत आलो तेव्हा ती उठली, पाया पडली आणि एवढंच म्हणाली, "काका, मी घेणार हाव म्हणून कमी नका सांगू. खरी सांगा. मले खरीच पाह्यजे."

मला ते थोडं चमत्कारिक वाटलं. शाळामास्तरणीचा पगार काही वकिलाच्या मिळकतीएवढा नसतो. किंमत फुगली तर तिला सेट सोडून रिकाम्या हाताने घरी जावं लागणार होतं, हे तिच्या तोंडावर दिसत होतं.

मी कामाला लागलो. ड्रमची किंमत त्याच्या लाकडात असते, बाकी सगळं बदलता येतं. म्हणून आधी कातडी काढायची. ती आता प्लास्टिकची असते, तरी आम्ही तिला कातडीच म्हणतो. मग लाकडाचा उघडा डबा सपाट काचेवर पालथा ठेवायचा, आत टॉर्च सोडायचा आणि कडेखालून कुठे उजेड निसटतो का ते बघायचं. निसटला तर कड झिजली किंवा लाकूड वाकलं, आणि तो ड्रम जन्मात सुरात लागणार नाही. मी जेवणाच्या टेबलाची काच मागितली. वकिलाच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, लोणच्याची बरणी उचलली, प्लास्टिकची फुलं उचलली आणि काचेवर चरे पडतील म्हणून वर्तमानपत्र अंथरलं. मी वर्तमानपत्र काढलं. त्यांनी पुन्हा अंथरलं. शेवटी बहिणीने ते घडी करून बाजूला ठेवलं आणि टॉर्च धरला.

लाकूड उत्तम होतं. मला आनंद झाला, आणि तो मी चेहऱ्यावर येऊ दिला नाही. टॉम म्हणतात त्या मोठ्या उभ्या ड्रमच्या अंगावर दोरीचे वळ होते, कारण धारणीच्या कार्यक्रमांना सेट एसटीच्या टपावर बांधून जायचा. वरचं चकाकतं वेष्टन अकोल्याच्या उन्हाने जोडावर सुटलं होतं. बासच्या पेडलला मोपेडच्या स्टँडची स्प्रिंग होती. स्नेअर, म्हणजे वाजवणाऱ्याच्या पुढ्यातला चपटा ड्रम, त्याच्या खालच्या बाजूला फार पातळ कातडी लागते, ती त्या काळी आमच्याकडे मिळायची नाही. आम्ही सगळेच दवाखान्यातून जुन्या एक्स-रेच्या फिल्मा आणायचो, सोड्याच्या पाण्यात धुऊन पांढऱ्या करायचो आणि कापून बसवायचो. इथे तीच होती, आणि नीट धुतलेली नव्हती. उजेडाकडे धरली तर कुणाच्या तरी बरगड्या दिसत होत्या.

वकील वाकून बघत म्हणाला, "हे ओरिजनल हाय का?"

मी म्हटलं, "बरगड्या ओरिजनल आहेत."

बहीण हसली. तो हसला नाही. मग त्याने एखादी ठेव दाखवावी तसं कपाटातून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि माझ्यासमोर उलगडलं. त्या सेटच्या झांजा होत्या. लग्नातल्या नव्या ताटांसारख्या लखलखत होत्या.

"पाहा," तो म्हणाला. "काळ्याकुट्ट होत्या. भांड्याच्या बाजारात मशीनवर पॉलिश करून आणल्या. चार पैसे गेले, पण आता कशा दिसून राहिल्या."

मी कपाळावर हात मारला. ड्रमची झांज म्हणजे काही पितळी घंगाळ नाही. तिच्यावरचे ठोके, बारीक रेघा, वर्षानुवर्षांचा काळपटपणा, हे सगळं मिळून तिचा आवाज होतो. मशीनवर घासली की धातू तापतो, रेघा जातात, पातळ झांज आणखी पातळ होते आणि गुंजण्याऐवजी थाळीसारखी कोकलते. त्या कारागिराने मनापासून काम केलं होतं. कंपनीचा ठसासुद्धा शिल्लक ठेवला नव्हता. त्याचा दोष नाही, त्याला भांडं सांगून दिलं असणार. दोष या माणसाचा, ज्याला आपल्या बापाची वस्तू काय आहे हे एका फोनने विचारता आलं असतं, पण त्याला ती फक्त चमकवायची होती.

बहिणीने मोठी झांज उचलली, मधल्या भोकात बोट घालून लटकती धरली आणि नखाने टकटक केलं. आवाज आला आणि लगेच मेला. तिने कानाजवळ नेऊन पुन्हा वाजवलं. मग ती झांज खाली ठेवली आणि पदराने तिच्यावरचे बोटांचे ठसे पुसले. "बाबा हिले हात नाही लावू देत होते कोणाले," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायचा तिने प्रयत्न केला नाही. मला त्या क्षणी वकिलाला फाटकाबाहेर उन्हात उभं करावंसं वाटलं.

त्याला मात्र यातलं काही जाणवलं नाही. त्याने मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. परदेशातल्या कुठल्याशा माणसाने असलाच सेट विकायला काढला होता आणि त्याची किंमत रुपयांत साडेतीन लाखांच्या घरात जात होती.

"हा पाहा बाजारभाव," वकील म्हणाला.

"विकला गेला का तो?"

"टाकला हाय न त्यानं."

"केव्हा टाकला?"

त्याने बोटाने खालीवर केलं. टाकून दीड वर्ष होऊन गेलं होतं. म्हणजे त्या किमतीला दीड वर्षात जगातला एकही माणूस तयार झाला नाही, एवढंच त्यावरून सिद्ध होत होतं. वकिलीच्या शिक्षणात पुरावा कशाला म्हणतात हे शिकवत असतील, अशी माझी तोवर समजूत होती.

चहा आला. वकील खुशीत होता, आपण फार न्यायाने वागतोय या खुशीत. बोलता बोलता मी विचारलं, की वडिलांचं बाळापूरकडे वावर होतं, म्हणजे शेत, त्याचं काय केलं.

"वावराचं काय करा लागते?" वकिलाने बहिणीकडे मान उडवली. "ते तर घरचंच हाय. सोमवारी हे येते न बाळापूरले, हक्कसोडपत्रावर सही करून देते. पोरी देतेच तशी."

"साडी घेऊन ठेवली हाय त्याईच्यासाठी," वहिनी म्हणाल्या. "चांगली जरीची."

आमच्याकडे ही रीतच आहे. कायद्याने बहिणीचा हिस्सा असतो आणि रीतीने ती तो सोडून देते. बदल्यात एक साडी, एक जेवण, आणि दिवाळीला माहेरी यायची मोकळीक मिळते. सही करणारी हसतमुखाने करते, कारण नाही केली तर भावाची उंबरठ्यावरची नजर बदलते. काळी कसदार जमीन, विहिरीला पाणी, रस्त्याला लागून. तिचा अर्धा हिस्सा ही बाई एका साडीवर सोडणार होती, आणि तिचा भाऊ तिच्याकडून दोरीचे वळ उठलेल्या ड्रमचे अर्धे पैसे मोजून घेणार होता. दोन्ही गोष्टी त्याने एकाच चहाच्या कपावर, एकाच प्रसन्न आवाजात सांगितल्या. यात काही खटकण्यासारखं आहे, हे त्याला सुचलंच नसावं. मी बहिणीकडे पाहिलं. ती बशीतला चहा पीत होती आणि भावाकडे बघत होती, वर्गात उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तशी, शांतपणे.

मी कप ठेवला आणि म्हटलं, "चाळीस हजार."

"चाळीस?" वकील म्हणाला. "काका, विलायती माल हाय."

"विलायती आहे म्हणून चाळीस. देशी असता तर दहा सांगितले असते. लाकूड चांगलं आहे. वेष्टन गेलं, पेडल गेलं, स्नेअरचं खालचं सगळं बदलावं लागेल. झांजा जशा होत्या तशा असत्या तर साठ म्हणालो असतो. वीस हजार तुमच्या पॉलिशने खाल्ले."

वकिलाचा चेहरा उतरला. आपण स्वतःच्या हिश्श्याचे दहा हजार भांड्याच्या बाजारात घासून आलो, हे त्याला आता कुठे कळलं. मग तो माझ्यावर उलटला. "तुमी अमरावतीचे, हे बी अमरावतीची. मले काय समजत नाही का?"

मी म्हटलं, "तर मग दुसऱ्या कुणाला विचारा. साडेतीन लाखवाल्याला फोन लावा, तो रिकामाच बसला आहे."

वहिनी मध्ये पडल्या, की जाऊ द्या, घरात जागा अडते, पडून पडून अजून खराब होईल. शेवटी वकिलाने मान्य केलं, पण चेहरा असा केला, जणू बहिणीला मोठं दान देतो आहे. "ठीक हाय. वीस टाक माह्या खात्यात. मी काही जास्तीचे मांगत नाही."

बहिणीने घासाघीस केली नाही. एक रुपया सोड, असंही म्हणाली नाही. तिने पर्समधून फोन काढला, चष्मा लावला आणि तिथल्या तिथे पैसे पाठवले. वकिलाच्या खिशात आवाज झाला. त्याने फोन काढून आकडा पाहिला, अंगठ्याने तो मोठा करून पुन्हा पाहिला आणि खिशात ठेवला. इतकी वर्षं लोकांना भाव सांगत फिरतोय, पण एखाद्या व्यवहाराची मला इतकी लाज वाटल्याचं आठवत नाही.

मी बाहेर जाऊन मालवाहू ऑटो ठरवला. सेट एसटी स्टँडपर्यंत नेऊन अमरावतीच्या गाडीत घालायचा होता. परत आलो तेव्हा तिने लहान ड्रम मोठ्याच्या पोटात बसवले होते, पितळी थाळ्या झालेल्या झांजाही घेतल्या होत्या आणि चादरीची टोकं जुळवत होती. वकील सोफ्यावर पाय सोडून बसला होता. राग ओसरला होता, पैसे आले होते.

"मंग सोमवारी सकाळच्याच गाडीनं ये," तो तिला म्हणाला. "दुपारपर्यंत सही होऊन जाईन. जेवूनच जाशीन."

"सोमवारी नाही येत मी," ती म्हणाली.

"काहून? शाळा हाय का?"

"शाळा नाही. वावराची किंमत काढाची राहिली न." ती चादर ओढून ताणत होती, वर बघितलंही नाही. "सेटची काढाले तू अमरावतीवरून काकाले बोलावलं. वावराची काढाले कोण येऊन राहिलं?"

वहिनी स्वयंपाकघराच्या दारात थांबल्या. वकील आधी हसला. त्याला वाटलं थट्टा आहे. मग तो माझ्याकडे वळला, "काका, तुमीच सांगा न हिले काही."

मी म्हटलं, मला वावरातलं काही कळत नाही, मी ड्रमचं सांगतो.

तो सोफ्यावरून उठून तिच्याजवळ आला, आणि आवाज एकदम मऊ केला. पक्षकाराशी फी ठरवताना काढत असेल तसा. "अवं बाई, किंमत कायले काढाची? वावर काय इकाचं हाय का आपल्याले?"

तिने चादरीला दुसरी गाठ मारली आणि ओढून पाहिली.

"सेट तरी कुठं इकाचा होता, दादा?" ती म्हणाली, आणि मला दुसरं टोक धरायची खूण केली.